चाळ नंबर १०, खोली नंबर ३६

भाच्याने जुना ऑक्टोपॅड, म्हणजे काठीने वाजवायचा आठ पॅडांचा इलेक्ट्रॉनिक ड्रम, घेतला. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या एकाला नवा घ्यायचा होता, त्याने हा स्टँडसकट स्वस्तात देऊन टाकला. घरी आणून भाच्याने तो लॅपटॉपला जोडला, रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडलं आणि रात्री साडेदहाला मला फोन लावला.

“मामा, किकच्या पॅडवर काठी मारली की पियानो वाजतोय. तोही अगदी खर्जातला. टक्कन तुटतो.”

“आणि स्नेअरच्या पॅडवर?”

“तोच पियानो, जरा वरचा.”

“मग झकास. सगळं चालू आहे.”

त्याला वाटलं मी टिंगल करतोय. पण खरंच सगळं चालू होतं. पॅडने निरोप धाडला होता, लॅपटॉपला तो मिळालाही होता. फक्त तो भलत्याच्या हातात पडला होता. हा निरोप ज्या भाषेत जातो तिला मिडी म्हणतात. घरच्या रेकॉर्डिंगमध्ये मिडी ड्रमच्या ज्या तक्रारी कानावर येतात, त्यातल्या निम्म्याहून जास्त अशाच असतात: पत्त्याच्या. म्हणून आधी पत्ता नीट वाचायला शिकू.

मिडीच्या वायरीतून आवाज जात नाही, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते आणि ऐन वेळी सगळे विसरतात. मनीऑर्डर आठवा. पुण्यात भरलेली शंभराची नोट काही साताऱ्याला जात नसे. जायचा तो फॉर्म. साताऱ्याचं पोस्ट आपल्या गल्ल्यातून पैसे काढून द्यायचं. मिडी ही अशी मनीऑर्डर आहे. पॅड फॉर्म भरतं, आवाज निघतो तो घेणाऱ्याच्या गल्ल्यातून. रोलंडने १९८५ साली काढलेल्या पहिल्या ऑक्टापॅडमध्ये, म्हणजे पॅड-८ मध्ये, स्वतःचा एकही आवाज नव्हता. आठ रबरी पॅड आणि मागे मिडीचं भोक, बस्स. आज आपल्याकडे ‘ऑक्टोपॅड’ म्हटलं की डोक्यात आवाज घुमायला लागतात, पण मूळ यंत्र मुकं होतं.

या फॉर्मवर तीनच आकडे असतात. काठी पडली की पॅड म्हणतं: १५३, ३६, १००. शेवटचा १०० म्हणजे फटका किती जोरात पडला ते, १ ते १२७ मध्ये मोजलेलं. मधला ३६ म्हणजे कुठली नोट, म्हणजे स्वर (शंभराची नव्हे). आणि पहिल्या १५३ मध्ये दोन गोष्टी एकत्र कोंबल्या आहेत: ‘नोट वाजव’ हा हुकूम आणि चॅनलचा नंबर. नोट वाजवायचा हुकूम १४४ पासून सुरू होतो. १४४ म्हणजे पहिलं चॅनल, १४५ म्हणजे दुसरं, असं करत १५३ म्हणजे दहावं. चॅनलसाठी आकड्यात चारच बिटांची जागा ठेवली आहे आणि चार बिटांत सोळा आकडे मावतात. म्हणून चॅनल सोळा. पंधरा का नाहीत, वीस का नाहीत, याचं उत्तर एवढंच.

यातच एक खोच आहे. यंत्र शून्यापासून मोजतं, माणूस एकपासून. त्यामुळे माणसाचं दहावं चॅनल यंत्राच्या लेखी नववं. बहुतेक सॉफ्टवेअर माणसाची मोजणी दाखवतात, पण मिडी फाइल उघडून आतले आकडे पाहायला गेलात, किंवा स्वतः छोटासा प्रोग्राम लिहायला बसलात, की तिथे ९ दिसतो. एक जण म्हणतो ड्रम नऊवर, दुसरा म्हणतो दहावर, आणि दोघंही बरोबर असतात.

आता चाळीकडे येऊ. सोळा चॅनल म्हणजे एकाच आवारातल्या सोळा चाळी समजा. प्रत्येक चाळीत ० ते १२७ अशा १२८ खोल्या. पहिल्या चाळीत पियानो राहतो असं धरलं, तर त्या सगळ्या खोल्यांत एकाच घराण्यातली माणसं, उंचीप्रमाणे ओळीने. खोलीचा नंबर वाढला की सूर चढतो. दुसऱ्या चाळीत बासरीचं घराणं, तिसऱ्यात गिटारचं. पण ड्रमच्या, म्हणजे दहाव्या, चाळीत प्रत्येक खोलीत निराळं बिऱ्हाड आहे. ३६ मध्ये किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), ३८ मध्ये स्नेअर (कडकडीत आवाजाचा ड्रम), ४२ मध्ये बंद हाय-हॅट (पायाने उघडमिट होणारी झांजांची जोडी), ४९ मध्ये क्रॅश (मोठी झांज). शेजारच्या खोलीशी सुराचं नातं नाही. ३६ ते ३७ मध्ये अर्ध्या सुराचं अंतर नसतं; एक किक, दुसरी स्नेअरच्या कडेवर काठी आडवी टाकून काढलेली टकटक.

ड्रम चॅनल म्हणजे एवढंच. नोटचा नंबर इथे सूर सांगत नाही, खोली सांगतो.

मग हा दहा नंबर आला कुठून? मिडीच्या मूळ नियमांत तो नाही. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेत अनाहाइमच्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ हे दोन सिंथेसायझर एका वायरीने जोडून दाखवले गेले. दोन स्पर्धक कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलली याचंच तेव्हा अप्रूप. सिक्वेन्शियलचे डेव्ह स्मिथ आणि रोलंडचे इकुतारो काकेहाशी या दोघांना त्यासाठी २०१३ साली तांत्रिक ग्रॅमी मिळालं. पण त्या करारात सोळाही चॅनल सारखे होते, ड्रमसाठी कुठलंही राखीव नव्हतं. १९८७ च्या रोलंड एमटी-३२ या साउंड मॉड्यूलमध्ये, म्हणजे पट्ट्या नसलेल्या, नुसत्या आवाजांच्या डब्यात, ताल दहाव्या चॅनलवर बसवलेला होता. १९९१ मध्ये ‘जनरल मिडी’ नावाचा तह झाला, त्यात कंपन्यांनी हाच आकडा पक्का केला आणि ३५ ते ८१ या सत्तेचाळीस खोल्यांत कोण राहणार याची यादीही ठरवली. तेव्हा दहावं चॅनल हा मिडीचा कायदा नव्हे, रिवाज आहे. रिवाज पाळणारे पाळतात, न पाळणारेही पुष्कळ आहेत. भाच्याच्या पियानोचं मूळ इथेच होतं.

घेणारे मुख्यतः दोन जातींचे असतात. एक जनरल मिडी पाळणारे: जुनी साउंड मॉड्यूल्स, घरोघरी असणारे ताल-साथीचे कीबोर्ड, विंडोजमध्ये मुळातच असलेला बारका सिंथ, साउंडफाँट, म्हणजे आवाजांची फाइल, वाजवणारे प्लेअर. यांच्या दारात पोस्टमन आधी चाळीचा नंबर बघतो. दहावर आलं तर ड्रम, एरवी सूर. दुसरी जात म्हणजे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या ट्रॅकवर टाकलेले प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये जोडायची वाद्यं. ते सहसा चाळ बघतच नाहीत. त्यांच्या सेटिंगमध्ये ‘ओम्नी’ किंवा ‘ऑल’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे कुठल्याही चॅनलवरून येऊ दे, मीच घेतो. ट्रॅकवर पियानो टाकलेला असेल तर दहाव्या चॅनलवरची किकही तो घेणार आणि ३६ म्हणजे माझ्या खर्जातला ‘सा’ असं समजून इमानेइतबारे वाजवणार.

भाच्याने सॉफ्टवेअर उघडल्यावर पहिल्या ट्रॅकवर आपोआप पियानो आला होता. तो काढून ड्रमचा प्लगइन टाकला, काम झालं. चॅनलला हातही लावावा लागला नाही.

आणि ते ‘टक्कन तुटणं’? पॅडवर बोट दाबून धरता येत नाही, त्यामुळे काठी पडल्यावर पॅड क्षणभराने स्वतःच ‘नोट बंद’चा निरोप धाडतं. पियानो तो पाळतो. ड्रमचा प्लगइन बहुतेक आवाजांच्या बाबतीत तिकडे दुर्लक्ष करतो, कारण क्रॅशवर काठी मारली की तो आपला आपण विरतो, त्याला कोणी ‘पुरे’ म्हणत नाही. म्हणूनच पियानो रोलमध्ये, म्हणजे नोटा आडव्या पट्ट्यांनी दाखवणाऱ्या खिडकीत, ड्रमच्या नोटा टाचणीएवढ्या दिसतात, त्यांच्या लांबीला अर्थ नसतो. मात्र सॅम्पलरमध्ये, म्हणजे रेकॉर्ड केलेले तुकडे वाजवणाऱ्या प्लगइनमध्ये, स्वतःचे आवाज भरणार असाल तर प्रत्येक आवाजाला ‘वन शॉट’ (एकदा सुरू झाला की पूर्ण वाजू दे) करायला विसरू नका. नाहीतर तुमची झांज अर्ध्यावर गिळली जाते आणि तुम्ही दोन तास केबल बदलत बसता. मी बसलोय.

आता खोल्यांची ओळख करून घेऊ. ही यादी पाठ करायची गरज नाही. पेटी किंवा कीबोर्ड समोर असेल तर ती दिसते. ३६ म्हणजे खालच्या एका सप्तकातली पांढरी एक. तिथे किक. तिच्यापुढची पांढरी दोन, ३८, तिथे स्नेअर. या दोघींच्या मधली काळी एक, ३७, ती कडेवरची टकटक. काळी दोन, ३९, टाळी. मग तीन काळ्या पट्ट्यांचा जो घोळका असतो, काळी तीन, काळी चार, काळी पाच, तिथे तिन्ही हाय-हॅट ओळीने बसले आहेत: ४२ बंद, ४४ पायाने दाबलेला, ४६ उघडा. टॉम (सेटमधले लहानमोठे बाकीचे ड्रम) मात्र सगळे पांढऱ्यांवर: ४१, ४३, ४५, ४७, ४८, ५०, चढत्या क्रमाने. वरच्या सप्तकात काळी एक, ४९, क्रॅश. काळी दोन, ५१, राइड, ही दुसरी झांज. धातूचे बहुतेक काळ्यांवर, चामड्याचे पांढऱ्यांवर. हे काही कुणी जाहीर केलेलं तत्त्व नाही आणि पुढे ते मोडतंही, पण रोजच्या वापराच्या खोल्यांपुरतं बोटांना चटकन बसतं.

(मराठीत ‘छत्तीसचा आकडा’ म्हणजे पाठीला पाठ लावून बसलेले दोघं. बास गिटार आणि किक यांचा मेळ बसवताना मला दर वेळी हे आठवतं आणि दर वेळी हसू येतं. किकचा नंबर दुसरा कुठला असूच शकत नव्हता.)

सप्तकाच्या नावात मात्र फसगत आहे. काही ठिकाणी ३६ ला सी-१ म्हणतात, काही ठिकाणी सी-२ (सी म्हणजे पांढरी एकचं इंग्रजी नाव). मधला सा, म्हणजे नोट ६०, याला यामाहा सी-३ म्हणतं आणि रोलंड सी-४. प्लगइनच्या माहितीपत्रकात ‘किक सी-१ वर’ असं वाचून तुम्ही आपल्या सॉफ्टवेअरच्या सी-१ वर नोट काढली आणि काहीच वाजलं नाही, तर प्लगइनला शिव्या देण्याआधी बारा पट्ट्या वर किंवा खाली जाऊन बघा. मी नावं वापरणं सोडूनच दिलंय. आकडा सगळीकडे एकच असतो.

पट्टी बदलण्याचा माझा एक जुना किस्सा आहे, तो इथे सांगतो, कारण ड्रम चॅनल म्हणजे काय ते मला त्या रात्री कळलं. गाणं पांढरी चारमध्ये बांधलं होतं. गायिका म्हणाली, मला पांढरी पाच सोयीची. दोन अर्धे सूर वर. मी ऐटीत ‘सिलेक्ट ऑल’ केलं, अधिक दोन टाकलं आणि चहा घेऊन आलो. वाजवून बघतो तर गाण्यात किकच नाही. जिथे किक हवी तिथे स्नेअर, जिथे स्नेअर हवी तिथे दुसरीच कुठली इलेक्ट्रिक स्नेअर, बंद हाय-हॅटच्या जागी पायाचा हाय-हॅट आणि उघड्या हाय-हॅटच्या जागी टॉम. दर चौथ्या ओळीला क्रॅशऐवजी राइडची नाजूक टिंग. ३६ चे ३८ झाले होते, ३८ चे ४०, ४२ चे ४४, ४६ चे ४८, ४९ चे ५१. सगळी चाळ दोन दारं पुढे सरकून भलत्याच घरात झोपायला गेली होती.

खरा तबलजी असता तर पट्टी बदलल्यावर त्याने हातोडी घेतली असती आणि तबला नव्या ‘सा’ला लावला असता. ड्रम चॅनलवर नोटा सरकवणं म्हणजे हातोडी नव्हे. तबला नव्या पट्टीत हवा असेल तर नोटा जागच्या जागी ठेवून प्लगइनमध्ये त्या आवाजाचं ‘ट्यून’ बदलायचं. काही सॉफ्टवेअर दहाव्या चॅनलला ट्रान्सपोजमधून आपोआप वगळतात, काही वगळत नाहीत; मी आता ड्रमचा ट्रॅक आधी कुलूपबंद करतो आणि मगच इतरांना हात लावतो.

तबल्याचा विषय निघालाच आहे तर तोही बघू. जनरल मिडीच्या सत्तेचाळीस जणांत बाँगो आहे, काँगा आहे, ब्राझीलची कुईका आहे, तीही दोन आवाजांत. तबला, ढोलकी, ढोलक, मृदंग यांपैकी एकही नाही. त्यामुळे आपल्याकडच्या तालवाद्यांचे जे प्लगइन आणि कीबोर्ड आहेत, त्यांनी आपापली खोलीवाटप केली आहे आणि एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. एका कीबोर्डवर वाजवलेला केरवा दुसऱ्याच्या तबल्यावर नेला की बोल उलटेपालटे होतात. त्याला उपाय म्हणजे नोट-मॅप: कुठली नोट आली तर तिचं काय करायचं याचा तक्ता. बहुतेक रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये तो करता येतो. एकदा बसून करायचा, नाव देऊन जपून ठेवायचा.

पण तबल्यात खरी मेख मॅपची नाही, डग्ग्याची आहे. डग्ग्यावर मनगट सरकवून जो घुमारा काढतात, तो मिडीत ‘पिच बेंड’ने, म्हणजे सूर वाकवणाऱ्या चाकाने, काढता येतो. हौसेने चाक फिरवलं की ‘घे’ तर छान वळतो, पण त्याच वेळी वाजणारा ‘ना’ही वाकडा होतो, आणि त्याच चॅनलवर किक-स्नेअर असतील तर तीही. कारण पिच बेंड खोलीचा नसतो, चाळीचा असतो.

मिडीत काही गोष्टी खोलीच्या असतात आणि काही चाळीच्या. फटक्याचा जोर खोलीचा. प्रत्येक नोटेला आपापला. पण व्हॉल्यूम म्हणजे कंट्रोल नंबर ७, पॅन (आवाज डावीकडे की उजवीकडे) म्हणजे कंट्रोल नंबर १०, पिच बेंड, आणि कुठला ड्रमसेट हवा ते सांगणारा प्रोग्राम बदल, हे सगळे चाळीचे. पाण्याचा मुख्य कॉक फिरवला की सगळ्यांच्या नळाचं पाणी कमी होतं. स्नेअर फार मोठी वाटते म्हणून मिडीचा व्हॉल्यूम कमी केला तर किकही दबते, हाय-हॅटही. (रोलंडच्या जीएस आणि यामाहाच्या एक्सजी या जनरल मिडीच्या वाढीव पद्धतींत एकेका ड्रमला वेगळा हुकूम देता येतो, पण प्लगइनच्या दुनियेत त्याचा उपयोग जवळपास संपलाय.)

मग डग्ग्याचं काय? त्याला वेगळी चाळ द्यायची. तबल्याचं दायाँ दहाव्या चॅनलवर, डग्गा अकराव्यावर, आणि प्लगइनमध्ये दोघांसाठी दोन वेगळे भाग, आपापल्या चॅनलवर कान लावून बसलेले. आता अकराव्यावर वाटेल तेवढं चाक फिरवा, ‘ना’ ताठ उभा. १९९९ मध्ये आलेल्या जनरल मिडी २ मध्ये तर अकराव्या चॅनलवर दुसरा ड्रमसेट ठेवायची सोयच करून दिली आहे.

दोन चॅनलवर ताल असण्याचं आणखी एक उदाहरण आपल्या घरातच सापडतं. यामाहाच्या बऱ्याच कीबोर्डांत ‘स्टाइल’ लावली की तालाचे दोन भाग नवव्या आणि दहाव्या चॅनलवरून बाहेर पडतात, आणि बास, कॉर्ड वगैरे अकरापासून पुढे. हे लॅपटॉपवर रेकॉर्ड करून जनरल मिडीच्या साउंडफाँटवर वाजवलं की दहाव्यावरचा ताल ठीक येतो आणि नवव्यावरचा, जो बहुधा टाळ्या-खंजिरीसारखा वरचा साज असतो, तो पियानोच्या अगम्य सुरांत ऐकू येतो. भाच्याचाच आजार, दुसऱ्या दाराने. नवव्यावरचा भाग उचलून ड्रमच्या ट्रॅकवर टाकला की बरा होतो.

हाय-हॅटला जरा जास्त वेळ द्यायला हवा, कारण एका वाद्याला तीन खोल्या मिळालेलं ते एकच महत्त्वाचं बिऱ्हाड आहे. उघड्या हाय-हॅटवर काठी मारली आणि लगेच पाय दाबला तर खऱ्या वाद्यात आवाज चटकन मिटतो. मिडीत मात्र ४६ आणि ४२ हे दोन वेगळे निरोप. म्हणून प्लगइन ४२, ४४ आणि ४६ यांना एका गटात बांधतो: गटातला नवा आवाज आला की जुना गप्प. याला ‘चोक ग्रूप’ म्हणतात. स्वतःचा सेट बांधताना हा राहिला, तर प्रत्येक उघडा हाय-हॅट पुढच्या तीन मात्रा स्स्स करत राहतो आणि सगळं गाणं प्रेशर कुकरशेजारी रेकॉर्ड केल्यासारखं वाटतं. इलेक्ट्रॉनिक ड्रमसेट असेल तर त्यात पायाचं पेडल किती दाबलंय हे कंट्रोल नंबर ४ ने वेगळं सांगितलं जातं, आणि रोलंडच्या ड्रमसेटांत हाय-हॅटच्या कडेवर मारलं तर ४६ ऐवजी २६, ४२ ऐवजी २२ जातो. हे आकडे जनरल मिडीच्या यादीत नाहीतच. म्हणजे मधोमध मारलं तर वाजतो, कडेवर मारलं तर मुका. पॅड खराब झालं म्हणून लोक दुकानात घेऊन जातात. बऱ्याचदा प्लगइनमध्ये त्या कंपनीचा तयार मॅप निवडला की भागतं.

‘चॅनल’ या शब्दाचाच एक गोंधळ आहे. स्टुडिओत कुणी म्हणालं, “ड्रमचे आठ चॅनल घेतले”, तर तो मायक्रोफोनबद्दल बोलतोय: किकला एक, स्नेअरला दोन, टॉमना तीन, वरून दोन. ते ऑडिओचे चॅनल, मिक्सरवरच्या आठ उभ्या पट्ट्या. मिडीच्या ड्रमला चॅनल एकच पुरतं, कारण आवाज अजून जन्मालाच आलेला नाही. वेगळं करायचं ते आवाज जन्मल्यावर, म्हणजे प्लगइनच्या बाहेर पडताना. बहुतेक चांगल्या ड्रम प्लगइनना अनेक आउटपुट असतात. किक एका वाटेने, स्नेअर दुसऱ्या, असं सोडलं की प्रत्येकाला मिक्सरवर आपापली पट्टी मिळते, मग स्नेअरलाच रिव्हर्ब द्या, किकलाच कॉम्प्रेसर लावा. मघाच्या मुख्य कॉकची अडचण इथे सुटते.

काही जण मिडीच फोडतात: किकच्या नोटा एका ट्रॅकवर, स्नेअरच्या दुसऱ्या. ज्यांना असं जमतं त्यांनी जरूर करावं. मला नाही आवडत. सगळा ठेका एका नजरेत दिसला की हात कुठे मागे पडलाय, कुठे घाई झालीय ते कळतं. फोडल्यावर ते शेंगा सोलून टरफलं वेगळी ठेवल्यासारखं होतं. आणि झोपायच्या खोलीत केलेल्या गाण्याला सोळा आउटपुटही लागत नाहीत. किक, स्नेअर, झांजा, बाकीचे. चार वाटा खूप झाल्या.

भाच्याचा दुसरा फोन दोन दिवसांनी आला. आता ड्रम वाजत होते, पण प्रत्येक फटका दोनदा, एकामागोमाग. ऑक्टोपॅडचा स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये थेट येत होता आणि किंचित उशिराने लॅपटॉपमधल्या प्लगइनचा. एक तर ऑक्टोपॅडचा आवाज बंद करायचा किंवा त्याच्या मिडी सेटिंगमध्ये ‘लोकल’ ऑफ करायचं, म्हणजे पॅड फक्त फॉर्म भरेल, स्वतःच्या गल्ल्याला हात लावणार नाही.

त्या ‘किंचित उशिरा’चा हिशेबही करून टाकू. जुन्या पाच पिनांच्या मिडी केबलमधून सेकंदाला ३१,२५० बिट जातात. एका नोटेचा तीन आकड्यांचा निरोप जायला जेमतेम एक मिलिसेकंद लागतो. तो दोषी नव्हे. दोषी लॅपटॉपचा बफर, म्हणजे आवाजाचे नमुने (सॅम्पल) साठवून मग एकदम सोडायची जागा. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला १०२४ चा बफर म्हणजे तेवीस मिलिसेकंद. आवाज हवेतून तेवढ्या वेळात साधारण आठ मीटर जातो, म्हणजे तुम्ही काठी मारताय आणि ढोल हॉलच्या पलीकडच्या टोकाला वाजतोय. बफर २५६ वर आणला की सहा मिलिसेकंदांच्या आत येतं, दोन मीटर. तेवढं हाताला खटकत नाही. वाजवताना बफर कमी, मिक्सिंगला वाढवायचा. बाकी कितीही हेडफोन घातले तरी रबरी पॅडची धपधप खालच्या मजल्यावर जाते, त्याला मिडीत उपाय नाही. स्टँडखाली जाड गादी आणि खालच्या काकूंशी गोड बोलणं.

जोराबद्दल एकच. १ ते १२७ ही मोजणी पॅडने नीट केली नाही तर सगळे फटके ११० ते १२७ मध्येच कोंबले जातात आणि ठेका शिवणयंत्रासारखा होतो. पॅडमध्ये ‘सेन्सिटिव्हिटी’ आणि ‘कर्व्ह’ असतात; हळू मारून ३० च्या आसपास, जोरात मारून १२० च्या वर येतंय का एवढं बघायचं आणि मगच प्लगइन वाईट आहे असं म्हणायचं.

आणि फाइल दुसऱ्या कुणाला पाठवणार असाल तर मात्र रिवाज कडक पाळायचा. तुमच्या प्लगइनला चॅनलचं सोयरसुतक नसेल, पण समोरच्याकडे काय आहे ठाऊक नाही. ड्रम दहाव्यावर, नोटा जनरल मिडीप्रमाणे.

भाच्याने मागच्या आठवड्यात गणपतीसाठीच्या गाण्याची फाइल पाठवली. किक ३६ वर, स्नेअर ३८ वर, सगळं जागच्या जागी. ढोल-ताशा त्याने स्वतः रेकॉर्ड करून सॅम्पलरमध्ये भरलाय आणि त्यांना खोल्या दिल्यात ९० पासून पुढे: ९० ला ढोलाची थाप, ९१ ला टिपरू, ९२ ला ताशा. इतक्या वर का, म्हणून विचारलं. म्हणाला, “ज्याच्याकडे माझे आवाज नाहीत त्याच्याकडे त्या खोल्या रिकाम्याच असतील ना, मामा. गप्प बसलेला ढोल चालेल, ढोलाच्या जागी कुईका नको.”

मी माझ्या जुन्या कीबोर्डवर फाइल लावून बघितली. ड्रम वाजले, ढोलाच्या जागा शांत राहिल्या.